ब्रेक दाबला की बंद पडणारा ट्रक

मंडळी, आम्ही जोशीकाकांच्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. आज टेस्ट ड्राइव्ह होती, काका चालवत होते.

हायवेवर ट्रक मस्त पळाला. एक्झिट घेऊन सिग्नलला ब्रेक दाबला आणि इंजिनच बंद. मागची गाडी जेमतेम थांबली.

काकांच्या शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "आता हा विकायचा."

घरी येऊन पाहिलं. टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडणाऱ्या लॉकची, वायर आम्ही थेट इग्निशनला जोडली होती, म्हणून थांबतानाही लॉक सुटत नव्हता. ती ब्रेकच्या स्विचमधून घेतली. आता ब्रेक दाबला की करंट तुटतो आणि लॉक सुटतो.

काका काकूंना म्हणाले, "तूच चालवून बघ."

काकू प्रत्येक स्टॉप साइनला थांबल्या, इंजिन चालूच राहिलं. परतल्यावर म्हणाल्या, "उद्या ग्रोसरीला मी हाच नेणार."

तुम्ही ही वायर कशी जोडलीत?