एक्स-रेमधला पक्षी

कॉलेजच्या मागच्या भिंतीवर एक मुलगी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेला पक्ष्याचा साचा धरून स्प्रे मारत होती. पक्ष्याच्या पोटाखाली रंगाचे ओघळ आले होते.

"उद्या चुना मारतील यावर," मी म्हणालो.

"मारू दे की. साचा माझ्याकडंच आहे."

मला माझा रूममेट सुहास आठवला. तो पंक ऐकतो, म्हणजे आरडाओरडा करत गायलेलं रॉक. ते वाजवणारी परदेशातली बेकार पोरं म्हणे तीन कॉर्ड जमल्या की उसनी गिटार घेऊन स्टेजवर चढायची. त्या गाण्यांचं आणि या भिंतीचं काही नातं असेल का? नक्की सांगता येणार नाही. पण 'आधी नीट शिकून ये' हे दोन्हीकडे कुणी मनावर घेतलं नसावं. मी मात्र घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. वर्गात प्रश्नसुद्धा मनात घोकून मग विचारतो.

सुहासच्या बँडला गाणारा हवा होता. मला गायचं होतं, पण इतके दिवस मी गप्प होतो. खोलीवर येऊन त्याला विचारलं, "गाणारा मिळाला का रे?"

"नाही. तू गातोस?"

"बेसूर होईल."

"होऊ दे की," तो म्हणाला आणि कॉटवर सरकून त्याने मला जागा केली.