निळ्या कड्याचा कोंबडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजूनही डोकं तापतं. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका संशोधन केंद्रातल्या डॉक्टर मॅडम कोंबडा चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन आल्या. ठाणे अंमलदार तोंड लपवून हसत होता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण हसू मलाही आवरत नव्हतं.

मॅडम मात्र रडायच्या बेतात होत्या. त्यांनी समजावलं ते असं: प्रत्येक कोंबडीच्या अंगात रोगजंतू मारणारी बारीक प्रथिनं तयार होतात. कुणाची जोरदार, कुणाची मिळमिळीत, आणि हा फरक आईबापांकडून पिलांत उतरतो. तीन वर्षं गावोगावच्या कोंबड्यांचं रक्त तपासून त्यांना हवा तसा एकच गावठी कोंबडा सापडला होता. पायात निळं कडं घालून, केंद्रात नेईपर्यंत त्यांनी तो जवळच्या गावातल्या एका नानांकडे सांभाळायला दिला होता. त्याची पिलं अजून व्हायची होती. तो गेला तर तीन वर्षं पाण्यात.

"वर्णन काय लिहू?" हवालदाराने विचारलं.

"कोंबडा, रंग तांबडा," मी म्हणालो. "प्रथिनांचं राहू दे."

दुपारी खबर आली की मेहरूण भागातल्या एका चिकनच्या दुकानात निळ्या कड्याचा कोंबडा आहे. जीप काढली, जळगावच्या रहदारीत तासभर अडकलो. तिथे पायाला निळी सुतळी बांधलेली कोंबडी निघाली. कोंबडासुद्धा नाही! दुकानदाराला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोषही नव्हता.

दुसऱ्या दिवशी नानांना बोलावलं. मॅडमही येऊन बसल्या. खुराडं कोणी उघडलं, कुणाशी भांडण आहे का, कोणावर संशय? तीन तास विचारत होतो. चहा पाजला, आवाज चढवला. नानांचं उत्तर एकच.

"साहेब, आठ दिन थांबा. तो ई जाई."

चौथ्यांदा तेच ऐकलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याच्या घरी चोरी होते तो घाई करतो. माल कधी परत येणार हे त्याला ठाऊक नसतं.

"नाना, आठच दिवस का?"

नाना खाली बघत म्हणाले, "तवलोंग अंडा व्हई जातीन." तोवर अंडी होतील, म्हणे.

मग सगळं बाहेर आलं. धुळ्याकडच्या त्यांच्या बहिणीच्या सगळ्या कोंबड्या रोगाने मेल्या होत्या. तिने चार नव्या आणल्या आणि भावाकडे हा कोंबडा मागितला. नाना तो पिशवीत घालून एसटीने स्वतः पोचवून आले होते. "बहीणले नही कसं म्हनू? याना आंगमा रोगले हटाडाना गुण शे, मॅडमनीच सांगं ना."

"मग मला का नाही विचारलं?" मॅडम म्हणाल्या.

"इचारतू तर तुम्ही हो म्हनतात का?"

मॅडम उठल्या आणि जीपकडे निघाल्या.

आम्ही बहिणीच्या गावी गेलो. कोंबडा उकिरड्यावर ऐटीत उभा होता. मी मुद्देमाल ताब्यात घ्यायला सांगितला, तर मॅडमनीच हात आडवा केला. रोग येऊन गेलेल्या अंगणात राहिलेला पक्षी त्यांना केंद्रात नेता येणार नव्हता. म्हणजे चोर नाही, चोरी नाही, आणि सापडलेला माल उचलायचा नाही. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात अक्का, म्हणजे नानांची बहीण, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, असा कोंबडा जवळच व्हता, मंग मन्या बारा कोंबड्या मर्‍यात तवय आमना गावले कसा नही उना?" माझ्या कोंबड्या मेल्या तेव्हाच तो आमच्या गावात का आला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

मॅडम ओट्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, "पिलं झाली की रक्त तपासायला मी इथेच येईन." कोंबडा तिथेच राहिला. फिर्याद पुढे चालवायची नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

वस्तू कुणाची, हे शोधण्यात माझी उभी नोकरी गेली. ती वस्तू कुणाला हवी होती, हे मी कधी विचारलं नाही; अर्जात तसा रकानाच नव्हता. त्या दिवशी ठाण्यात परतून मी प्रकरण बंद केलं. अक्कांनी जे विचारलं त्याची फिर्याद कुणाविरुद्ध घ्यायची, ते मला अजूनही कळलेलं नाही.