मास्क शेवटी

आमच्या कामात सगळं धुऊन निघतं, किस्से तेवढे निघत नाहीत. ते साचतच जातात. सुरतजवळच्या बमरोलीतल्या डाइंग मिलांच्या सांडपाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या टोळीत मी आहे. टाकीत मी उतरत नाही. उतरलेला माणूस वर आला, की पाइप आणि ब्रश घेऊन त्याला धुणं हे माझं काम. दिवसभर तीच वाक्यं, "हात वर! गोल फिर! आता बूट!" बायको म्हणते, झोपेतसुद्धा हेच बडबडता.

जमिनीवर तीन पट्ट्या असतात. लाल पट्टीच्या आत घाण, पिवळीजवळ मी, हिरवीच्या पलीकडे स्वच्छ. सूट धुवायचा, उतरवायचा, हातमोजे काढायचे आणि मास्क शेवटी. सुटावरच्या केमिकलचा वास नाकात जाऊ नये म्हणून.

*

पारोळ्याचे तात्या आमच्यात सगळ्यांत जुने. हिरव्या पट्टीला ते 'सोवळं' म्हणतात. एकदा हेड ऑफिसातून एक मोठे साहेब आले. चकाकते बूट घालून ऐटीत लाल पट्टी ओलांडून टाकीत डोकावले आणि थेट ऑफिसकडे निघाले.

तात्या आडवे आले. "साहेब, ओवळ्यातून सोवळ्यात असं नाही जाता येत!"

मी ब्रश उचलला. साहेब ओरडले, "अरे, लेदर आहे ते!"

तात्या म्हणाले, "धुतल्यावर समजेल ना!"

लेदर नव्हतं, ब्रशखाली सालं निघाली. साहेब शिपायाच्या स्लिपर घालून परत गेले.

*

माणसाइतकीच अवजारंही धुवावी लागतात. घनश्यामला मी सांगून गेलो, "सगळं चकाचक करून ठेव." परत येतो तर त्याने गॅस मोजायचं मीटरसुद्धा पाइपाखाली धरलेलं! ते फक्त ओल्या फडक्याने पुसायचं असतं.

आमचे सेफ्टी ऑफिसर मेहुलभाई धावत आले. "आ शुं कर्युं?"

घनश्यामने मीटर अभिमानाने पुढे केलं. "साहेब, काहीच दाखवत नाही. म्हणजे गॅस नाही!"

मेहुलभाई बादली उलटी करून तिच्यावर बसले. दुसरं मीटर येईपर्यंत आम्हीही बसलो. सुरतचा मे महिना, अंगात रबरी सूट. उठलो तेव्हा बुटांतून घाम ओतून काढला. कोणाला हसायचीही ताकद नव्हती.

*

लिंबायतला भाच्याची हळद होती. हळद लागली, आता नवरदेवाला आंघोळ घालायची. कोणीतरी तांब्या माझ्या हातात दिला आणि माझं तोंड सुटलं, "हात वर! गोल फिर! बगल राहिली!" बिचारा भाचा खरंच गोल फिरला. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

*

तात्यांचं आणि मास्कचं मात्र कधीच जमलं नाही. तोंडभर काचेचा तो मास्क, आत जीव गुदमरतो. पिवळ्या पट्टीवर येताच तात्या पहिला हात मास्कला घालायचे.

मी ओरडायचो, "तात्या, मास्क शेवटी!"

"शेवटी म्हणजे कव्हय भो? मी मरसू तव्हय?"

आम्ही हसायचो. मग हसणं बंद झालं. एके दिवशी घाईत तात्या कामावरचा पंचा खांद्यावर टाकून तसेच घरी गेले. चार वर्षांची नात, परी, त्या पंच्यावर गाल ठेवून झोपली. सकाळी गालभर लाल चट्टे! डॉक्टरने विचारलं, घरात कोण काय काम करतं?

सून संगीता सासऱ्याला एक शब्द बोलली नाही. तात्या कामावरून आले, की परीला उचलून आतल्या खोलीत न्यायची, बस. तात्या इथे दोनदा आंघोळ करायचे, घरी जाऊन तिसऱ्यांदा. तरी पोरगी हातात मिळेना. मला म्हणाले, "तीन महिने झाले रे." त्या पंच्यावर माझीही नजर गेली नव्हती, आणि नजर ठेवणं हेच माझं काम.

*

मग सेफ्टी डे आला. मेहुलभाईंनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं आणि डेमो ठेवला. तात्यांच्या सुटावर निळा रंग ओतला, मी धुवायला उभा राहिलो. हिरव्या पट्टीपलीकडे संगीता, कडेवर परी.

त्या दिवशी मी जसं धुतलं तसं कधी धुतलं नसेल. काखा, कॉलर, बुटांचे तळवे. सूट उतरवला, हातमोजे काढले. निळा थेंबही राहिला नाही.

मेहुलभाई टाळ्या वाजवत म्हणाले, "बराबर! क्लीन!"

संगीताने टाळी वाजवली नाही. ती मला म्हणाली, "भाऊ, हात पुन्हा एकदा धुवा."

मी तात्यांचे हात साबण लावून कोपरापर्यंत पुन्हा धुतले. ती बघत होती. तात्या मास्कमधून तिच्याकडे बघत होते.

परी ओरडली, "आबा, गोल फिर!"

तात्या गोल फिरले. अगदी हळू, दोन्ही हात वर करून.

संगीता पट्टीपर्यंत आली आणि तिने परीला पुढे केलं. तात्यांनी घेतलं. मेहुलभाई घड्याळ बघायला लागले, पुढचा कार्यक्रम खोळंबला होता.

मी जवळ गेलो. मास्कची काच आतून धूसर झाली होती. हळूच म्हटलं, "तात्या, झालं सगळं. आता मास्क काढा."

"ऱ्हाऊ दे भो," तात्या म्हणाले. "मास्क शेवटी."