न आटणारी पिशवी

लोकरीचे तंतू आणि किस्से, दोन्ही घरात कुठून साठतात कळत नाही. केरसुणी मारली की सोफ्याखालून दोन-चार निघतातच! मी चौथी शिकलेला माणूस. पस्तीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. आता करंजाड्याला तळमजल्यावर फ्लॅट आहे, आणि तळमजल्याचा तोटा हा की कोणीही बेल वाजवतं. रोज दुपारी तीनला दोन बाया येतात आणि आमच्या मंडळींबरोबर, म्हणजे शालूबरोबर, विणत बसतात. एक देसाईबाई, रिटायर मास्तरीण. फोनवर व्हिडिओ बघून या दोघींना शिकवतात. दुसरी हिराबाई, इथल्याच गावची. चार खोल्या भाड्याने दिल्यात, तोंड मात्र स्वतःकडे ठेवलंय.

सगळं सुरू झालं नातीमुळे. मुग्धा, वाशीला असते, मुलीची मुलगी. तिला तिकडे वर डोंगरात, थंडीच्या गावात कॉलेज मिळालं. म्हणाली, "आजी, तुझ्या हातची लोकरीची पिशवी पाहिजे. तीच खांद्याला लावून जाणार." झालं! शालूला दुसरं काही सुचेना. हातात एक महिना.

* * *

पहिली पिशवी विणून झाली. मी बघितली आणि हादरलो. गोणीएवढी!

"शालू, यात पन्नास किलो कांदा जाईल. पोरगी शिकायला चालली का हमालीला?"

देसाईबाई हसल्या. "आबा, ही गरम पाण्यात साबण लावून घोळायची. लोकर आटते, घट्ट होते. पिशवी निम्मी होते आणि घोंगडीसारखी जाड!"

"मग आधीच निम्मी विणा की! लोकर तरी वाचेल!"

देसाईबाईंनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं शाळेत काढली, पण असा विद्यार्थी वर्गात नव्हता म्हणे.

* * *

पिशवी मशीनमध्ये एकटी टाकून चालत नाही. रगडायला सोबत काहीतरी जाडंभरडं लागतं. त्यांना माझी पॅन्ट दिसली.

तासभर मशीन घुसळत होती. तिघी पुढ्यात बसलेल्या, जसं काही आत बाळंतपण चाललंय. दार उघडलं. पिशवी होती तेवढीच! नुसती स्वच्छ!

संध्याकाळी मी पॅन्ट घातली. घोट्याच्या चार बोटं वर.

हिराबाईने बघितलं. "बाई गं, आटली तर हाय! पन नको ती!"

* * *

देसाईबाईंनी शोध लावला. दुकानातून आणलेली ती लोकरच नव्हती. प्लास्टिकचा धागा! तो काय आटणार?

मग दुसरं दुकान. तिघी पुढे, मी मागे, ओझी धरायला. दुकानदार म्हणाला, "आजी, हंड्रेड परसेंट प्युअर!"

खरी लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, हे देसाईबाईंनी हिराबाईला वाटेत सांगितलेलं. सांगायला नको होतं! हिराबाईने लोकरीच्या गुंड्याचा धागा तोडला, पर्समधून काडेपेटी काढली आणि काउंटरवरच काडी ओढली. धागा वितळला, त्याचा मणी झाला.

"ओ मावशी! दुकान पेटेल!"

"पेटंल कशाला? सगला प्लास्टिक हाय, वितलंल!"

* * *

घरी येऊन हिराबाईने आमच्या घरातलं सगळं तपासलं. मफलर, मणी. कानटोपी, मणी. लेकीने आणलेली शाल, तीही मणी. मग न विचारता खुंटीवरच्या माझ्या राखाडी स्वेटरचा लोंबता धागा तोडला. काडी लावली. भुरभुरीत राख, आणि घरभर जळक्या केसांचा वास.

तिघींनी आधी स्वेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत शालूने विणलेला स्वेटर. पहाटे ट्रक उतरवायला तोच घालून जायचो. कोपरांना ठिगळं आहेत, पण आहे.

"हात लावायचा नाही!" मी म्हणालो. "कोणीच नाही!"

"मागितलाय कोणी?" शालू म्हणाली आणि चहा करायला गेली. चहात साखर नव्हती.

* * *

आठ दिवस राहिले. शालू सुया मांडीवर घेऊन नुसती बसायची. बोलली असती तर भांडलो असतो. न बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

एक दिवस तिघी हिराबाईच्या जमिनीच्या कागदांसाठी बेलापूरच्या कचेरीत गेल्या. मी दार लावलं, स्वेटर घेतला आणि उसवायला बसलो. खालची कड धरून ओढली. हलेना! नखं लावली, दात लावले. गोणीची शिवण एका झटक्यात उघडणारा माणूस मी, आणि स्वेटर दाद देईना!

शालूने किल्लीने दार उघडलं, तेव्हा स्वेटर माझ्या तोंडात होता.

चपला काढत ती म्हणाली, "खालून नाही उसवत ते. गळ्यापासून काढा. मी तिथे संपवलं होतं."

"मग आधी सांगायचं! मला काय माहीत तू कुठे संपवलंस!"

ती समोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. मी उसवत गेलो, तिच्या हातांवर धागा गुंडाळत गेलो. देसाईबाई दारातूनच मागे फिरल्या. हिराबाई मात्र आत आली, पाणी प्यायली, आणि जाताना म्हणाली, "मी काय बगितला नाय!"

* * *

जायच्या आदल्या दिवशी मुग्धा आली. पिशवी तयार होती. विणलेल्याच्या निम्मी, जाड, अशी घट्ट की एक टाका वेगळा दिसेना. लोकर कुठून आली हे पोरीला सांगायचं नाही, असा मी तिघींना दम भरलेला.

मुग्धाने पिशवी खांद्याला लावली, आरशात बघितली. मग नाकाशी नेली.

"आजी, हिला वास येतोय."

"साबणाचा असेल गं."

"नाही. कांद्याचा." तिने पुन्हा हुंगली. "आबांचा!"

मी पंख्याकडे बघत बसलो.

देसाईबाई पुढे झाल्या. "आण बाळा इकडे. अजून एकदा मशीनला लावू. जाईल वास."

पोरीने दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली.

"हात लावायचा नाही!" ती ओरडली. "कोणीच नाही!"