शेजारच्या सीटवरचे मास्तर

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, ड्रायव्हिंगचे. तेवीस वर्षं हे लोकांना गाडी शिकवतायत आणि ही तेवीस वर्षं त्यांनी शेजारच्या सीटवर बसून काढली आहेत. आमच्या गाडीत त्या सीटपुढेही दोन पेडल आहेत, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. विद्यार्थी चुकला की हे तिथून ब्रेक दाबतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतात.

महामार्ग ही त्यांची खासियत. त्याचा पहिला धडा आमच्या जेवणाच्या टेबलावर होतो. टेबलक्लॉथच्या पट्ट्या म्हणजे लेन, मिठाची बरणी म्हणजे ट्रक आणि माझा चष्मा म्हणजे घाईत असलेला मूर्ख. "कडेची लेन आपली. मधली ओव्हरटेकपुरती, तिथे बिऱ्हाड थाटायचं नाही. मागच्याने दिवे मारले तर चिडायचं नाही, वाट द्यायची. आपल्याला कोणी वाट दिली तर हात वर करायचा. एक हात!" हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागतं. एका काकूंनी दोन्ही हात वर करून आभार मानले होते.

स्वतः मात्र हे कधी चालवत नाहीत. कुठेही जायचं असलं की एखाद्या विद्यार्थ्याला बोलावतात, तेवढाच त्याला सराव. मुलीच्या वेळी मला दवाखान्यात नेलं तेसुद्धा तिसऱ्या धड्यावर असलेल्या एका कारकुनाने. कळा मला येत होत्या आणि हे त्याला सांगत होते, "घाई नको, आधी आरसा बघ." दवाखान्याच्या फाटकाशी त्याला दोनदा रिव्हर्स घ्यायला लावलं. त्यानंतर मी गुपचूप दुसऱ्याच क्लासात नाव घातलं आणि गाडी शिकले.

तर यंदा परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. महामार्गावर शिकवणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः महामार्गावर गाडी चालवून दाखवावी. संधी दोन. दोन्ही हुकल्या तर क्लासचा परवाना रद्द. यांच्या तोंडचं पाणी पळालं. छपन्नाव्या वर्षी माणूस दुसरं काय शिकणार? पण तोऱ्यात म्हणाले, "मला कोण नापास करणार? मीच सगळ्यांना शिकवलंय!"

ते खरंच होतं. परीक्षेला आलेल्या इन्स्पेक्टर बाई यांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. परीक्षा आमच्याच गाडीत होती. मला मागे बसवलं होतं, कारण मागे कोणीतरी जीव मुठीत धरून बसल्याशिवाय यांना गाडीत चैन पडत नाही. हे रुबाबात आले, दार उघडलं आणि नेहमीच्या सीटवर जाऊन बसले. बाई बाहेर उभ्याच.

"सर, तुम्ही तिकडे."

"हो हो. बघत होतो, तुझ्या लक्षात येतंय का."

महामार्गाला मिळणाऱ्या रस्त्यावर गाडी आली आणि यांच्यातला मास्तर जागा झाला. "चल, क्लच! तिसरा टाक! बिचकू नकोस!" हे नेमकं कोणाला सांगत होते, देव जाणे. पण बाईंचा पाय झटकन क्लचवर गेला, हात गिअरवर गेला आणि तिसरा पडलासुद्धा. हुकूम यांचा, गिअर बाईंचा, स्टिअरिंग यांचं. असा तो संसार तीन-चार किलोमीटर बरा चालला. मी मनात म्हटलं, निभावलं एकदाचं.

तेवढ्यात पुढच्या एका महाशयांचा फाटा चुकला. ते थांबले आणि सरळ उलटे आमच्याकडे यायला लागले. हे ओरडले, "ब्रेक!" आणि शेवटचं पेडल जीव खाऊन दाबलं. तेवीस वर्षं यांच्या पायाखाली शेवटचं पेडल ब्रेकचंच होतं. इथे ते अ‍ॅक्सिलरेटरचं निघालं. गाडी उसळली. बाईंनी दोन्ही पाय रोवून ब्रेक आणि क्लच दाबले नसते तर आज हे सांगायला मी नसते. गाडी जागच्या जागी डरकाळ्या फोडत उभी राहिली. त्या महाशयांनी हात वर करून आमचे आभार मानले, आणि यांनीही सवयीने हात वर केला. एक हात!

पुढे कडेला थांबून बाईंनी फॉर्म काढला. 'परीक्षकाला ब्रेक लावावा लागला काय?' या ओळीवर त्यांचं पेन अडलं.

"सर, पाय सवयीने गेला माझा. 'नाही' लिहिते."

"लिहा, लिहा!" मी मागून म्हटलं.

यांनी फॉर्म ओढून घेतला. "माझा ब्रेक लागला की विद्यार्थी नापास. तुला किती वेळा केलं होतं?"

"सहा वेळा, सर."

"मग?" असं म्हणून स्वतःच्या हाताने 'हो'वर खूण केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या परीक्षेला एकोणीस दिवस होते. ते एकोणीस दिवस मी यांच्या सीटवर बसले आणि यांना शिकवलं. ओरडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू? जुने हिशेबही थोडेफार चुकते केले. पहिले चार दिवस हे बोनटखाली काही बिघाड आहे म्हणत होते. पाचव्या दिवशी हळूच म्हणाले, "अगं, ते शेवटचं पेडल पुन्हा एकदा सांग."

दुसऱ्या परीक्षेला बाई गाडीत बसल्या, चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. "आता माझा पाय पोचत नाही, सर. तुमचं तुम्ही बघा."

सगळं शांत चाललं होतं. अचानक एक टेम्पो इशारा न देता आमच्या लेनमध्ये घुसला. बाईंनी गुडघे घट्ट धरले. मी मागे नसलेला ब्रेक दाबला. यांनी आरसा बघितला, असलेला ब्रेक दाबला, हळूच, आणि टेम्पोला वाट दिली.

बाईंनी 'नाही'वर खूण केली. परवाना वाचला. यांनी फॉर्म दोनदा वाचला, गाडी बंद केली आणि स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

"इतक्या लोकांना मी या रस्त्यावर आणलं," हे म्हणाले. "इथे बसून इतकी भीती वाटते, हे मला माहीतच नव्हतं गं."

मला एकदम भरून आलं. वाटलं, माणूस बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला विद्यार्थी आला. गाडी सुरू करण्याआधी यांनी त्याला विचारलं, "भीती वाटतेय का?" इतक्या जोरात विचारलं, की तो बिचारा घाबरून "नाही सर" म्हणाला.