धाकटीने उघडाच पाठवलेला आकडा

आमच्या धाकट्या बहिणीचं सगळं असंच. स्वयंपाकघरात मी राबायचं आणि पाहुण्यांपुढे ट्रे घेऊन ही मिरवणार. कॉलेजात माझ्याच नोट्स वाचून पास झाली. ऑब्जेक्टिव्ह-सी ही ॲप लिहायची भाषाही मीच शिकवली, माझ्याच कॉम्प्युटरवर. आणि आता माझ्याच ऑफिसात, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली! आई म्हणते, "सांभाळून घे गं तिला." आणि मला कोण सांभाळणार?

दवाखान्याचं जुनं ॲप माझं होतं. बाकी सगळी कामं नव्या भाषेत गेली, ऑब्जेक्टिव्ह-सीत हे एवढंच उरलं. साहेबांनी सांगून टाकलं होतं की यापुढे त्यावर एकच जण राहील आणि कोण ते डेमोनंतर ठरेल. माझा सगळा जीव त्या ॲपमध्ये अडकला होता.

डेमोत धाकटी नवा भाग दाखवत होती. पेशंटसोबत किती माणसं आली, तो आकडा भरायचा. तिने शून्य टाकलं, सगळं सुरळीत चाललं. साहेब कौतुकाने मान डोलावत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण तिच्या स्क्रीनवरचा पिवळा इशारा मला दिसत होता. कोडचा जो तुकडा हा आकडा घेतो, ती मेथड तो ऑब्जेक्ट करून मागते, म्हणजे डबीत घालून. हिने तसाच उघडा पाठवला होता. उघडं शून्य 'काहीच नाही' म्हणून खपून जातं. दुसरा आकडा मात्र मेमरीतला पत्ता समजला जातो, आणि त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

"एक टाकून बघ बरं," मी गोड आवाजात म्हटलं.

ॲप धाडकन बंद पडलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

धाकटीने जीभ चावली. "अगं बाई! ताई, उघडाच पाठवला की गं मी!" तिने आकड्याला कंस घातला, आधी ॲटचं चिन्ह टाकलं, झाली डबी, आणि पुन्हा चालवलं. एक चालला, सातही चालला. वर स्वतःच खो खो हसली, आणि मेले सगळे तिच्याबरोबर हसले! मी चुकले असते तर तोंडं वाकडी केली असती.

साहेब माझ्याकडे वळले. "काय नजर आहे हो तुमची! तुम्हाला कोड लिहायला बसवणं म्हणजे वाया घालवणं. सोमवारपासून तुम्ही तपासणी विभागात या. ॲप तुमच्या बहिणीकडे राहू दे."

धाकटीने सगळ्यांसमोर मला घट्ट मिठी मारली. "ताई, आता माझं सगळं काम तूच तपासणार!" तिला अगदी मनापासून आनंद झाला होता. निदान तो तरी खोटा असायला हवा होता.