पार्बताबाईचा दोऱ्याचा अंगठा

अमरावतीत अंबादेवीच्या देवळापुढे पार्बताबाई चाळीस वर्षं हार विकते. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा फास अडकवायचा, पाय लांब करून दोरा ताणायचा आणि शेवंती गुंफत जायची, ही तिची रीत. खिळ्याला दोरा बांधून केलेल्या हाराला ती हारच मानत नाही.

म्हणून त्याच अंगठ्याच्या नखाखाली टणक गाठ आली, तेव्हा तिनं ती लपवली. कुरूप समजून बिब्बा लावला. कातडी भाजली, गाठ तशीच. नख वर उचललं गेलं. दोरा ताणला की कळ डोक्यात जायची, बाई ओठ दाबून बसायची. थोरल्या बहिणीचा, गंगूबाईचा, अंगठा साखरेच्या आजारात कापावा लागला होता. आपलाही जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. बाई मुळात हट्टी, त्यात घाबरलेली, ऐकणार कुणाचं?

खुशी तिची सून. तिनं मग सासूला फुलं आणायला म्हणून गाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेऊन उतरवलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला.

"आजी, हे कुरूप नाही. नखाखाली हाड वाढलंय. साधंच दिसतंय, कॅन्सरसारखं वाटत नाही. तेवढं काढू आणि तपासायला पाठवू."

"आन् अंगठा?"

"तो राहणार."

"नुसता राहून काय करू? दोरा धरीन का तो?"

"धरेल. पण दोन महिने दोऱ्याचं नाव काढायचं नाही."

अंगठा तेवढा बधिर करून त्यांनी नख उचललं आणि वाढलेलं हाड काढलं. पार्बताबाई पडल्यापडल्या भिंतीवरच्या तसबिरीचा हार कसा ढिला आहे ते सांगत होती. आठवड्यानं तपासणीचा निकाल आला. काळजीचं काही नव्हतं. पण तिला खरी काळजी दोऱ्याचीच होती. दोन महिने सुनेनं स्वतःच्या अंगठ्याला दोरा लावून दुकान चालवलं, सासूबाई बाजूला बसून चुका काढत राहिल्या.

नवरात्राच्या तोंडावर परवानगी मिळाली. नख अजून थोडंच आलं होतं. पार्बताबाईनं फास अडकवला, हळूच ताणलं. थांबली. मग जोरात ताणलं.

"खुशी, दुखून नाही राह्यलं व."

आणि ती भर बाजारात रडायला लागली. समोर गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

"थांब बाप्पा," ती म्हणाली, "माहा अंगठा मले परत भेटला हाये. घाई असन त दुसऱ्या दुकानी जाय."